चौथी चिठ्ठी

आई, तुमच्या चौघींची ती कादंबरी मी गेल्या महिन्यात परत केली. तुझा नंबर चालू असताना मधेच तू गेलीस, म्हणून ती माझ्याकडे आली आणि मग बावीस वर्षं माझ्याकडेच राहिली. हल्ली दुपारी जरा डोळा लागला की तू दिसतेस, नेहमी वाचतानाच. इंदूरच्या स्नेहलतागंजमधलं आपलं स्वयंपाकघर, खिडकीतून येणारं पांढुरकं ऊन, त्यात तरंगणारे पिठाचे कण, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेलं पुस्तक. तू पोळी लाटतेस, तव्यावर टाकतेस, आणि ती फुगेपर्यंत चार ओळी वाचून घेतेस. पान करंगळीनं उलटतेस, कारण बाकीच्या बोटांना पीठ आहे. मी हाक मारतो. तू वर न बघता म्हणतेस, थांब, एवढा पॅरा होऊ दे. मी थांबतो. जाग येते तेव्हाही मी थांबलेलाच असतो.

तू सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होतीस. दिवसभर सगळं हिंदीत, आणि इतक्या मोठ्या दवाखान्यात मराठी पुस्तक हातात घेणाऱ्या तुम्ही चौघीच. तू, लॅबमधली मावशी, वयानं सगळ्यांत मोठ्या नर्सबाई, आणि दवाखान्याच्या किचनमधल्या एक. कुणी पुण्याहून किंवा नागपूरहून एखादी कादंबरी आणली की ती चौघींत फिरायची, प्रत्येकीकडे पंधरा दिवस. वाचून झाली की आपल्याला काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवायची, आणि चौघींचं झाल्याशिवाय कुणी कुणाची चिठ्ठी उघडायची नाही, असा तुमचा नियम होता. चौथीचं झालं की जेवणाच्या सुट्टीत तुझ्या रेकॉर्ड रूममध्ये, छतापर्यंत लावलेल्या फायलींच्या मधे, डबे उघडून तुम्ही त्या वाचायच्या. चिठ्ठ्या रद्द झालेल्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या असत. शाळेला सुट्टी असली की मी तिथे येऊन बसायचो. जुन्या कागदांचा वास, तुमच्या डब्यांतल्या भाज्यांचा वास, आणि एखाद्या न जन्मलेल्या माणसावरून तुमचं भांडण. मला वाटायचं, ती कादंबरीतली माणसं याच दवाखान्यात कुठेतरी भरती आहेत आणि तुम्ही त्यांच्या तब्येतीबद्दल बोलताय.

सोळा वर्षांचा असताना मी तुझ्या पिशवीतून नर्सबाईंची एक चिठ्ठी काढली आणि मित्रांसमोर हिरॉइनच्या आवाजात वाचून दाखवली. सगळे हसले. तू कधी मागे येऊन उभी राहिलीस कळलं नाही. तू ओरडली नाहीस. माझ्या हातातून कागद घेतलास, आधीच्याच घड्यांवर नीट दुमडलास आणि म्हणालीस, "दिवसभर वॉर्डात उभं राहून त्यांनी हे लिहिलंय. हसायचं असेल तर आधी स्वतः काही लिही, मग त्याच्यावर हस." मित्र निघून गेले. मी पुढे कितीतरी वर्षं काहीच लिहिलं नाही.

मग मला पुण्यात नोकरी लागली. तुझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती, आणि मी तुला न विचारताच तिथली तुझी खोली ठरवून टाकली होती. मी निघणार होतो त्या सकाळी तू पोहे करत होतीस. मी म्हटलं, आता इथलं आवरायला घे. तू म्हणालीस, मी इथंच बरी आहे रे. मी खूप बोललो. एकटीनं काय करणार, आजारी पडलीस तर कोण आहे, असं बोलत बोलत शेवटी म्हणालो, "म्हातारपणी तुझ्या त्या पुस्तकवाल्या बायकाच बघतील तुला." तू माझ्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरलास, शेव घातलीस, प्लेट माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "बघतील." त्याच संध्याकाळच्या बसनं मी गेलो. नंतर दोन वर्षं आलो नाही. दर रविवारी फोन करायचो. तू हवा-पाणी विचारायचीस, मी हवा-पाणी सांगायचो.

आणि त्यांनीच बघितलं. लॅबमधल्या मावशीचा फोन आला तेव्हा तुला वॉर्डात ठेवून अकरा दिवस झाले होते. मला कळवू नका म्हणून तूच सांगितलं होतंस म्हणे. मी पोचलो तेव्हा तुझं बोलणं थांबलं होतं. तिघींनी आपापसात वेळा लावून घेतल्या होत्या. किचनमधल्या बाई सकाळी पेज घेऊन यायच्या, दुपारी मावशी, संध्याकाळी नर्सबाई तुझे केस विंचरायच्या. मावशीनं फक्त स्टूल माझ्याकडे सरकवला. चौथ्या दिवशी तू गेलीस. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि त्या तिघींच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून मी भराभर घर आवरलं. महूच्या पणजोबांची पलटणीतली लोखंडी ट्रंक होती, तिच्यात हाताला लागेल ते भरलं. पुण्यात ट्रंक उघडली तेव्हा तुझ्या दोन सुती साड्यांच्या मधे ती कादंबरी निघाली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तीन चिठ्ठ्या होत्या. घड्यांवर नावं होती, त्यांत तुझं नव्हतं.

कादंबरी मी तेव्हाच वाचली. नदीकाठच्या गावातला एक मुलगा तरुणपणी घर सोडतो. वीस वर्षांनी एका संध्याकाळी परत येतो, दार वाजवतो, आई म्हणून हाक मारतो. आत आई आवाज ओळखते. पण ती दार उघडत नाही. सकाळी उघडते, तेव्हा ओट्यावर कुणी नसतं. तिथेच संपते. तू हे वाचलं होतंस. दोन वर्षं माझी वाट बघत असताना वाचलं होतंस, आणि तुला काय वाटलं ते लिहिलं नव्हतंस. पुस्तक पोस्टानं पाठवणं काही कठीण नव्हतं. पण पाठवायचं तर सोबत दोन ओळी लिहायला हव्यात, त्या मला सुचेनात. मग वर्षं गेली.

आता मी इंदूरजवळच्या राऊला राहतो. नात तुला बघायलाच मिळाली नाही. ती इथल्या कॉलेजात शिकते, म्हणून आम्ही पुणं सोडलं. एकदा भाजी घेताना मागून कुणीतरी म्हणालं, "तू रेकॉर्डवालीचा ना रे बेटा?" मावशी होती. पूर्ण पिकलेली, हातात काठी, पण आवाज तोच. तिचा मुलगा इथेच जवळ राहतो. नर्सबाई गेल्या, किचनमधल्या बाई लेकीकडे देवासला असतात. उभ्या उभ्या एवढं सांगून तिनं विचारलं, "आमची किताब आहे का तुझ्याकडे? चिठ्ठ्या वाचायच्या राहूनच गेल्या. चौथी आलीच नाही ना."

घरी येऊन मी टेबलाशी बसलो आणि तुझी चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, चौथी असल्याशिवाय ती बाकीच्या उघडणार नाही. तुझ्यासारखं तिरकं अक्षर काढलं, सहज जमलं ते. लिहिलं की त्या आईनं दार उघडायला हवं होतं, तिच्या मनात क्षमा होतीच. कागदाची घडी करून तिघींच्या चिठ्ठ्यांखाली सरकवला आणि रविवारी गेलो.

मावशीनं चष्मा पुसला. आधी नर्सबाईंची चिठ्ठी उघडली. त्यात लिहिलं होतं, या लेखकाला म्हातारीचे गुडघे माहीत नाहीत, उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो, पोराला धीर नव्हता. मावशी हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. किचनमधल्या बाईंनी लिहिलं होतं, ती त्याच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होती. स्वतःची चिठ्ठी वाचून मावशी जरा लाजली. तिनं लिहिलं होतं, मीपण उघडलं नसतं. मग तिनं चौथी उघडली. वाचली, परत वाचली, आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही तुझी आहे," ती म्हणाली. "तुझी आई क्षमा-बिमा नाही म्हणायची कधी. माफ केलं म्हणायची. आणि तेपण जल्दी नाही करायची."

ती रागावली नाही. बाकीच्या चिठ्ठ्यांच्या घड्या घालत म्हणाली, "तिनं सांगितलं होतं मला. वॉर्डात, तू यायच्या आधी. मी म्हटलं, नियम तोडू नको. तर म्हणे, आता कसला नियम."

मावशीनं सांगितलं ते तुझ्याच आवाजात ऐकू आलं, आई. त्या बाईचं सोड, म्हणालीस तू. त्या मुलानं परत जायला नको होतं. स्वतःच्या घराचा ओटा आहे, बसायचं सकाळपर्यंत. दूध घ्यायला तरी ती दार उघडणारच ना.

नंतर मावशीच्या सुनेनं चहा आणला. ऊन खिडकीतून सरकत पलंगावर आलं होतं, पुस्तक मावशीच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्यावर हात ठेवून पेंगत होती. निघताना तिनं डोळे न उघडताच विचारलं, दोन वर्षं का नाही आलास रे. मी म्हटलं, सुट्टी नाही मिळाली.

हे पत्र कुणाकडे जायचं नाही, म्हणून इथे खरं लिहितो. त्या दोन वर्षांत एकदा मी इंदूरला आलो होतो. कंपनीनं पाठवलं होतं, सांवेर रोडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला. दुसऱ्या दिवशी दुपारीच काम संपलं आणि बसला अजून पाच तास होते. ते मी बसस्टँडवर वर्तमानपत्र वाचत काढले. कादंबरीतल्या त्या मुलानं निदान दार तरी वाजवलं होतं.