उजवा पंखा

तापीकाठ, ता. शिंदखेडा
१० मार्च २०२५

चि. कामिनीस नानाचे अनेक आशीर्वाद.

फोन मलाही करता येतो. पण फोनवर तू हो नाना, हो नाना म्हणतेस आणि ठेवल्याबरोबर विसरतेस. कागद निदान टेबलावरून डोळे वटारत राहील.

तुझी आत्या, आपली अक्का, तीन वर्षं आखाजीला माहेरी आलेली नाही. मणका गेल्यापासून डॉक्टरांनी गाडीचे हादरे बंद केलेत, आणि पुलावरून वळसा पडतो साठ किलोमीटरचा. तसं तिचं घर समोरच्याच काठावर. दिवेलागणीला तिच्या ओट्यावरचा दिवा मला इथून दिसतो. परवा म्हणाली की आता माझे पाय काही माहेराला लागत नाहीत.

पाटबंधाऱ्याच्या लिलावातली आपली लाकडी मोटारबोट आठवते? इंजिन पोटात असलेली? नुकतंच तिचं इंजिन मी सुरू केलंय, अगदी ऐकत बसावं असं चालतं. पण पाण्यातला पंखा पार झिजलाय, एक पातं अर्धंच उरलंय. तू जळगावला पंपाचे पंखे ओतणाऱ्या कारखान्यात नकाशे काढतेस, म्हणून तो एस.टी.ने पाठवलाय. आखाजी, म्हणजे तुमच्या कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला. पुढे बंधाऱ्याचं पाणी उतरलं की होडी गाळात आणि अक्का तिकडेच. मनावर घे.

तुझा
शालिग्रामनाना

जळगाव
१८ मार्च २०२५

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

पंखा पोहोचला. दिवसभर पाण्याचा वास येत होता त्याला. नकाशावर पेन्सिल टेकली की मला कारखान्याऐवजी नदीच दिसत होती. साहेबांना होडी म्हटल्यावर हसू आलं, पण हो म्हणाले.

आता नीट वाचा. रुंदी तेरा इंच, ते ठरलं. प्रश्न पिचचा आहे. हा पंखा लोण्यात फिरला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकला असता, ते पिच. अकराचा घेतला तर होडी पळेल, पण म्हाताऱ्या इंजिनाला धाप लागेल. नऊचा घेतला तर रमतगमत जाईल, पण ओझं नेईल. कोणता हवा? आणि दांडा कोणत्या बाजूला फिरतो, तेही कळवा. पंखा उजवा असतो किंवा डावा. जुन्याची पाती इतकी वाकलीत की ओळखू येत नाही.

काकूंना नमस्कार. एवढं विचारते म्हणून रागावू नका.

कामिनी

तापीकाठ
२६ मार्च २०२५

चि. कामिनीस आशीर्वाद.

नऊच दे. अक्काला पळवायचं नाही, आणायचं आहे. इंजिनापाशी बसून डोळ्यांनी पाहिलं, दांडा घड्याळासारखा फिरतो. म्हणजे उजवा. चाळीस वर्षं पंप बसवले बये, तू कालची पोर मला डावं-उजवं विचारतेस!

अक्काला निरोप दिलाय. तिने बठ्ठं सामान बांधून ठेवलं म्हणे, लुगडीसुद्धा. आता माझी लाज तुझ्या हातात.

नाना

जळगाव
२८ एप्रिल २०२५

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शेजारच्या जीवरामकाकांचा फोन आला. पंखा बसवला आणि होडी शेपूट पुढे करून उलटी निघाली, तिला मागचा गिअरही नाही, की फेरा उलटवून सरळ न्यावी. ऐकून मला रडूच आलं.

चूक दोघांची आहे. आपण पंपवाली माणसं, फेरा मोटारीकडून बघतो. होडीचा पंखा मात्र मागून, पाण्यात उभं राहून बघायचा असतो. तुमचा उजवा तो होडीचा डावा. मीही जन्मभर पंपच काढले, माझ्याही डोक्यात आलं नाही. डावा पंखा ओतायला निदान आठ दिवस लागतील, आणि आखाजी परवा. अक्काआत्याला काय सांगाल? पत्र कंडक्टरच्या हाती देते आहे. मला माफ करा.

तुमची
कामिनी

तापीकाठ
१ मे २०२५

चि. कामिनीस अनेक अनेक आशीर्वाद.

अक्का आली!

काल पहाटे पाणी इतकं निवांत होतं की मी म्हटलं, उलटी तर उलटी, चालते तर खरी. जीवराम बांबू घेऊन बसला, मी मान मुरगाळून मागे बघत सुकाणू धरलं. गेलो तसे उलटेच, आलो तसे उलटेच. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अक्काच्या पाठीला टेकायला इंजिनाची पेटी तेवढी होती, म्हणून तिचं तोंड राहिलं होडीच्या नाकाकडे, म्हणजे सासरकडे. वाटभर ती ते घर लहान होताना बघत होती. मान जरासुद्धा वळवेना. मला वाटलं पाठ दुखतेय. विचारलं तर म्हणाली की साठ वर्षं त्या घरात राहिले, पण ते असं पाण्यावर कधी बघितलंच नव्हतं. चांगलं आहे रे घर, म्हणाली.

इथे उतरली, निंबाच्या झोक्याला नुसता हात लावला, खापरावरची पोळी रसात बुडवून दीड खाल्ली. तुझी काकू रडली, मीही रडलो, लाजायचं काय त्यात.

संध्याकाळी मी सांगितलं की कामिनी डावा पंखा पाठवते आहे, तुला परत सरळ नेऊ. तर केवढी चिडली! म्हणते, दर आखाजीला परत जाताना मान दुखेपर्यंत मागे वळून बघायचे. या उलट्या होडीत बसलं तर माहेर सगळी वाट समोरच राहील. मी परत जाईपर्यंत पंख्याला हात लावशील तर बघ.

तेव्हा बये, डावा ओतू नकोस.

तुझा
नाना