दीड सेंटीमीटर

३ एप्रिल

जमलं! जमलं, जमलं, जमलं! पाच कडांचा कोपरा गुळगुळीत झाला!

सात आठवडे तिथे एक बारीक चुणी राहत होती. चार कडा भेटतात तिथे काही अडचण नाही, पण पाच भेटल्या की पृष्ठभाग रुसल्यासारखा आक्रसायचा. आज दुपारी जेवणाचं ताट तसंच ठेवून प्रोग्रामची एक ओळ बदलली — एकच! — आणि चुणी गायब. मॉडेल गोल गोल फिरवलं, उजेड इकडून टाकला, तिकडून टाकला. नाहीच!

वहिनी वर आली. ताटाकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी उपाशी?" तिला सांगितलं. कुठल्याही आकाराची ओबडधोबड चौकोनी जाळी द्यायची. माझी लायब्ररी, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम, प्रत्येक चौकोनाचे चार करते, कोपरे किंचित सरकवते. मग त्या चारांचे पुन्हा चार, पुन्हा सरकवते. पाच फेऱ्यांत खडबडीत डबड्याचा नदीतला गोटा होतो. "बरं," म्हणाली आणि ताट गरम करायला घेऊन गेली.

मी हुशार आहे. हे इथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

६ एप्रिल

लायब्ररी तपासणाऱ्या बाराशे अकरा टेस्ट. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नोकरी सोडली तेव्हा साहेब म्हणाले होते, "एकट्याने असलं काही होत नसतं." झालं की!

९ एप्रिल

नवीन गिऱ्हाईक! आणि कोण, तर दादाचे पायवाले. दोन वर्षांपूर्वी अपघातात दादाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा त्याचा कृत्रिम पाय ज्यांनी केला ते. तिथले मुख्य कारागीर कानसवाले — नाव मी ठेवलंय, त्यांच्या खिशात कायम कानस असते — स्वतः फोनवर आले. "ताई, तुमचे भाऊ, मास्तर, म्हणत होते तुम्ही कॉम्प्युटरवर गोलाई करता म्हणून."

आतापर्यंत लायब्ररी वापरली ती कार्टून फिल्मवाल्यांनी. ड्रॅगनच्या शेपट्या आणि सशांचे गाल. आता पाय! पायाचा वरचा पेला, ज्यात उरलेला पाय बसतो, तो हे लोक प्लास्टरचा साचा हाताने घासून करतात. चार दिवस जातात. स्कॅनरवरून मापं घेतली आणि गुळगुळीत पृष्ठभाग माझ्याकडून मिळाला, तर मशीन एका दुपारीत साचा कोरेल. मी फोनवरच "हो" म्हटलं. विचार नंतर केला.

१० एप्रिल

पहिला पाय दादाचाच करायचा, असं मीच ठरवलं. कारणही आहे. जुना पाय ढिला झालाय. आत पाच-पाच मोजे घालून चालतो बिचारा, आणि दोन तास उभं राहिलं की टेबलाला टेकतो. बावीस वर्षं कटिंग मास्तर आहे तो. कटिंग उभ्यानेच होतं. काल दुकानाच्या मालकाने सांगितलं म्हणे — एक जूनपासून दिवसभर टेबलाशी उभं राहता आलं तर ठीक, नाहीतर स्टुलावर बसून काजं-बटणं.

काजं-बटणं! दादाला! त्याने हे हसत हसत सांगितलं, म्हणून जास्तच लागलं.

"तुझी ती जाळी मला उभा करणार का गं, शहाणे?" म्हणाला.

करणार. लिहून ठेवते.

१८ एप्रिल

स्कॅन झालं. दोनशे चाळीस बिंदू. त्यांची जाळी केली, लायब्ररीत टाकली, चार फेऱ्या. पेल्याच्या काठाची धार हवी तशी राहिली, बाकी सगळं लोण्यासारखं. मशीनने फोमचा साचा कोरला, तेव्हा कानसवाल्यांनी दोन्ही हातांनी तो चाचपला. मग म्हणाले, "घासायला काही ठेवलंच नाहीत की."

परत येताना मी बसमध्ये उभीच राहिले. जागा होती. बसवेना.

२४ एप्रिल

पाय बसवला. दादा आठ पावलं चालला. "कसा आहे?" मी. "मस्त," तो. "घट्ट नाही ना?" कानसवाले. "नवा आहे, सैलावेल," तो.

मस्त म्हणाला! मस्त! दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. दूधवाल्यालासुद्धा.

२५ एप्रिल

लायब्ररीच्या पहिल्या पानावर नवी ओळ घातली — 'माणसं हिच्यावर उभी राहतात.' जरा जास्त झालं का? राहू दे.

२ मे

काढली ती ओळ.

सकाळी वहिनी वर आली आणि दादाचा मोजा माझ्या कीबोर्डवर ठेवला. रक्त. मी धावत खाली. दादा पलंगावर, पाय उशीवर, नडगीच्या बाजूला रुपयाएवढी जखम. आठ दिवस हा माणूस तो पाय घालून दुकानात जात होता!

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"तुझं तोंड बघून सांगवेना. एवढी खूश होतीस."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे पाय घालायचा नाही. म्हणजे सोळा तारीख उजाडली. म्हणजे नवा पाय करून, बसवून, सवय करून घ्यायला पंधराच दिवस. तोही आधी चूक सापडली तर!

सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. बाराशे अकरा हिरव्या. मेल्या सगळ्या हिरव्या.

३ मे

चूक मी शोधली नाही. दादाने शोधली.

पलंगावर बसून बसून कंटाळला होता. पेला मांडीवर घेतला, कागदाची पट्टी आतून गोल फिरवली, खूण केली, फितीने मोजली. मग स्कॅनचं माप विचारलं. मी सांगितलं. "दीड सेंटीमीटर कमी," म्हणाला. शक्यच नाही, म्हटलं मी, मशीनचं चुकलं असेल. त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि वरून खाली अकरा ठिकाणी पट्ट्या फिरवल्या. तोंडात पेन्सिल. अगदी दुकानातल्यासारखा.

"हे बघ. सरळ भागात माप बरोबर आहे. गोलाई जास्त तिथे कमी. जेवढी गोलाई जास्त तेवढं जास्त कमी. मशीन असं निवडून निवडून चुकतं का?"

मला लगेच कळलं.

पृष्ठभाग जाळीच्या आत राहतो. कोपरे सरकतात ते आतल्या बाजूला! हे मला माहीत आहे, गेली सहा वर्षं माहीत आहे, लायब्ररीच्या माहितीत तिसऱ्या परिच्छेदात मी स्वतः लिहिलंय! कार्टूनवाले जाळी ओढत बसतात, गाल हवा तेवढा फुगला की थांबतात, त्यांना काय फरक पडतो? मी मात्र दादाच्या पायाची मोजलेली मापं उचलली आणि सरळ जाळी म्हणून दिली. पृष्ठभाग छान गुळगुळीत झाला — पायाच्या आत अडीच मिलिमीटर. बाराशे अकरा टेस्टपैकी एकही विचारत नाही, की बाई, जिथून माप घेतलंस तिथून पृष्ठभाग जातोय का?

"शिलाईचं मार्जिन सोडलं नाहीस," दादा म्हणाला. "शिकाऊ पोरं करतात असं." आणि हसला! जखमी पाय घेऊन हसला.

४ मे

पटकन उपाय — सगळाच पृष्ठभाग अडीच मिलिमीटर फुगवायचा. दादाला सांगितलं. "मग सरळ भागात ढगळ होईल. ढगळ पाय आहे की माझ्याकडे."

बरोबर आहे. चिडले, पण बरोबर आहे.

म्हणजे उलटं गणित करायचं. जाळी देऊन पृष्ठभाग नाही, पृष्ठभाग देऊन जाळी. अशी जाळी शोधायची की चारही फेऱ्या होऊन, आक्रसून, पृष्ठभाग मोजलेल्या बिंदूंवर येऊन बसेल. दोनशे चाळीस बिंदू, एक हलवला की शेजारचे सगळे हलतात. कामाला लागले.

११ मे

दादाला घेऊन पायवाल्यांकडे गेले. कबुली द्यायची होती. वाटेत चार वेळा वाक्यं जुळवली, तिथे एकही आठवलं नाही. सरळ म्हटलं, माझी चूक. आणखी कुणाचा पाय असा केलात का? कानसवाले म्हणाले, "नाही ताई, पहिला मास्तरांचाच." जिवात जीव आला.

दादाने अकरा पट्ट्यांचा कागद पुढे केला. कानसवाल्यांनी चष्मा लावून वाचला, मग दोघं टेबलाशी गेले आणि मला विसरले. कुठे दाब हवा, कुठे अजिबात नको, हाड कुठे, मांस कुठे. तासभर! मी स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. निघताना कानसवाले दादाला थांबवून काहीतरी बोलले. काय म्हणाले विचारलं तर म्हणे, "काही नाही, पायाची काळजी घ्या म्हणाले."

१५ मे

पृष्ठभाग बिंदूंवर बसला! पण मधे मधे लाटा. शी!

१९ मे

लाटांचं कारण कळलं. स्कॅनरच्याही मापात बारीक बारीक चुका असतात, आणि मी इमानदारीने प्रत्येक चुकीवरून पृष्ठभाग नेत होते. आता दोन अटी घातल्या — बिंदूंपासून पाव मिलिमीटरहून जास्त दूर जायचं नाही, आणि तेवढ्या मोकळिकीत जितकं गुळगुळीत राहता येईल तितकं राहायचं. हाडापाशी मोकळीक कमी, मांसापाशी जास्त. हे शेवटचं दादाचं. म्हणाला, "सगळीकडे एकच नियम कशाला? काखेत आणि पाठीवर आपण सारखं मार्जिन सोडतो का?"

माझ्या लायब्ररीत आता दुसऱ्या कुणाच्याच लायब्ररीत नसलेलं काहीतरी आहे, आणि ते एका शिंप्याचं आहे.

२३ मे

बाराशे साठ टेस्ट. नव्या एकोणपन्नास एकच प्रश्न विचारतात — माप जुळतं का? त्यातल्या अकरा दादाच्या पट्ट्या आहेत. फाईलला त्याचं नाव दिलं. त्याला दाखवलं तर म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे ना?" आणि लगबगीने गॅलरीत गेला. वहिनीने मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ नको मागे.

जखम भरली. डॉक्टरांची परवानगी मिळाली.

२७ मे

नवा पाय! दादाने घातला, उठला, चालला. भिंतीपर्यंत, परत, पुन्हा भिंतीपर्यंत. कानसवाल्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि कानस न काढता बाहेर आला. मी विचारलंच नाही "कसा आहे". दादाच म्हणाला, "अगं विचार की."

विचारलं.

"आहे असं वाटतच नाही."

सहा वर्षांत मला कुणीही, कुठल्याही सेमिनारमध्ये, एवढं मोठं काही म्हटलेलं नाही. दूधवाल्याला मात्र अजून सांगितलेलं नाही. पहिली तारीख जाऊ दे.

३१ मे

रोज दोन-दोन तास वाढवत आज सात तास उभा राहिला घरी. त्वचा साफ. लालसरपणासुद्धा नाही. मी स्वतः बॅटरी लावून बघितली. "पोलीस," म्हणाला मला.

१ जून

दादा दुकानात दिवसभर टेबलाशी उभा राहिला. नऊ तास. एकदाही टेकला नाही. दुकान बंद व्हायच्या वेळेला मालक स्वतः येऊन म्हणाला, मास्तर, टेबल तुमचंच. दादा म्हणाला, उद्यापासून मी येत नाही. पायवाल्यांकडे मापं घ्यायला जातोय. कानसवाल्यांनी अकरा मेलाच विचारलं होतं, त्याने तेव्हाच हो म्हटलं होतं!

"मग आज नऊ तास कशाला उभा राहिलास?" मी ओरडलेच.

"उभं राहता येईना म्हणून गेला, असं कुणी म्हणायला नको होतं."