दिल्लीला ऐकू येतं, पिरंगुटला नाही

८ जून, पिरंगुट
डोकं फिरलंय. ताम्हिणीला संजूकडे, माझ्या भावाकडे, कुठला अँटेना ठेवायचा यावर आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गटाची बैठक. गटाचे म्होरके जोगकाका, त्यांना उभी काठी हवी. पाच मिनिटांत लागते, पिशवीत मावते. मी म्हटलं, साधी तार द्या. डोक्याच्या जरा वर आडवी बांधली की सिग्नल सरळ आभाळात जातो आणि डोंगराच्या पलीकडे खाली उतरतो. काठी मात्र जवळचं ओलांडून लांब फेकते.
"कपडे वाळत घालायचेत का?" काका म्हणाले. सगळे हसले.
गेल्या पावसाळ्यात घाट बंद, रेंज गायब, तिकडे संजूकडे आईला दम्याचा झटका. मला कळलं तेव्हा ती बरी होऊन भाकरी थापत होती. हे सांगायचं राहिलंच.

१५ जून
चाचणी कुठे, तर लवळ्याच्या टेकडीवर! तिथे छत्रीची काडी लावली तरी चालेल. काका काठीवर दिल्लीशी बोलले. टाळ्या, फोटो. ताम्हिणीच्या खळग्यात कोण चाचणी करणार, मी विचारलं. काका उलट म्हणाले, "तुझी तार जाईल का एवढ्या लांब?"
मला लांबचं नकोच आहे हो.

२२ जून
हात वर करून मतदान. काठी. रेडिओ गटाचा, म्हणून मर्जीही गटाची. चहा न घेता निघाले.

२९ जून
संजूचा फोन. "ताये, काठी लई भारी हाय. दिल्लीवाला शेजारी बसल्यागत बोलतोय. तुजं मातर काय बी ऐकू येत न्हाई."
पुढच्या रविवारी जाऊन मीच तार बांधते. खड्ड्यात गेला गट.

६ जुलै
कसला रविवार. दरड कोसळली, रस्ता बंद, तिकडचे फोन बंद. सकाळपासून संजूला रेडिओवर हाका मारतेय. नुसती खरखर.

दुपारी
दिल्लीचा एक जण रेडिओवर मध्येच आला. ओळख ना पाळख. हिंदीत म्हणाला, ताम्हिणीहून कुणी संजू तुम्हाला हाका मारतोय, मला स्पष्ट ऐकू येतोय.
मधे एक घाट, आणि भावाची हाक दिल्लीवरून! संतापाने रडूच फुटलं. म्हटलं, आई कशी आहे विचारा. त्याने विचारलं. संजूचं उत्तर मला ऐकू येईना, खरखरच.
"बहनजी, वो कह रहा है, माँ को सुबह से..."
आवाज बुडाला.
गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काकांचा मेसेज: काठी दिल्लीपर्यंत चालली म्हणे! अभिनंदन.
फोन पालथा ठेवला. दिल्लीला हाका मारतेय.