दाढीमिशांच्या दुकानाला गिऱ्हाईक

बुधवार पेठ, पुणे

आदरणीय मदिनाआपा,

धाकट्या अमीनचा सलाम. आम्ही इथे ठीक आहोत. मिरजेत तुम्ही आणि तुमचे गुडघे खुशाल असावेत. (तेलाने शेकत जा. ऐकणार नाही, पण भावाचं काम म्हणून लिहिलं.)

तर आपा, नाटकांना दाढ्या, मिशा आणि टोप भाड्याने देण्याचं अब्बांचं दुकान मी विकायला काढलं आहे. मोतीबिंदू काढला, पण जाळीवर एकेक केस ओवण्याची नजर काही परत आली नाही. परवा एका शाळेच्या विश्वामित्राला मी डाकूच्या मिशा दिल्या. मुख्याध्यापकांनी 'प्रयोग धाडसी होता' एवढंच कळवलं आणि तुमच्या भावजयीने, शहजादीने, त्याच दिवशी निकाल दिला की आता पुरे. मलाही दुकानाचा काही फार मोह उरलेला नाही.

गिऱ्हाईक आलं हडपसरचं. मच्छिंद्रभाऊ, शेत बिल्डरला विकलेलं, गावच्या जत्रेत नाटक बसवण्याचा जुना नाद. "दुकान ब्येस हाय, पर तुमच्याबिगर चालंल का?" हा त्यांचा एकच सवाल. आमचे शेजारी अनंतराव (बँकेतून निवृत्त झाले, सल्ला देण्यातून नाही) म्हणाले, "मालकावाचून चालताना दिसलं पाहिजे. तेव्हा आपण कृपया दिसू नका."

म्हणून मच्छिंद्रभाऊ दुकान बघायला येणार त्या दिवशी शहजादीला गल्ल्यावर बसवलं आणि मी घरी थांबायचं ठरलं. थांबवेना. शेवटी पांढरी आखूड दाढी चिकटवून, निवृत्त मामलेदार होऊन, मीच माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरलो. शहजादीने पायरीवरच ओळखलं, पण तोंडाने फक्त "डिपॉझिट आधी" म्हणाली. मच्छिंद्रभाऊ आत होतेच. आता पुण्यात गिऱ्हाईकाने मालाचं कौतुक केलं तर दुकानदारालाच संशय येतो, म्हणून मी नावं ठेवायला लागलो. टोप जुनाट आहेत, मिशांना डांबरगोळ्यांचा वास येतो, मालक तर अगदीच आळशी. मी बोलत गेलो आणि मच्छिंद्रभाऊ मान डोलावत गेले. इतकी, की त्यांनी अब्बांचा जटांचा टोप उचलला आणि म्हणाले, "खरंय, ह्यो तर टाकूनच द्यावा लागंल."

आपा, तो टोप अब्बांनी शेवटच्या दुखण्यात अंथरुणात बसून विणला होता. मी काय काय बोललो ते आठवत नाही. घामाने दाढी एका बाजूने सुटून लोंबायला लागली, तरी मी बोलतच होतो. मच्छिंद्रभाऊंनी टोप दोन्ही हातांनी जागेवर ठेवला आणि पाठ केलेल्या संवादासारखं एका दमात म्हणाले, "दुकान घेतो, पर मालक, तुमी वरीसभर हितंच बसून मला शिकवायचं." मला इतका आनंद झाला की लाज वाटली. पण शहजादी कडाडली, "विकलं म्हणजे विकलं, यांनी घरी बसायचं." तेव्हापासून घरात सालन शिजतं, बोलणं शिजत नाही.

असो. मी विश्रांतीची तयारी केली आहे.

तुम्हाला अजूनही घाबरणारा,
अमीन

ता. क. – विश्रांतीचं खरं मानू नका. लगेच या आणि शहजादीला समजवा. तुमच्यापुढे तिचं काही चालत नाही. मी लिहिलं हे मात्र सांगू नका.

ता. क. दुसरा – आपा, शहजादीचा सलाम. यांना पाकिटावर बारीक अक्षरात पत्ता लिहिता येत नाही, म्हणून पत्र माझ्याकडे आलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. वर्षभराची अट मच्छिंद्रभाऊंची नाही, माझी आहे. ती कबूल करून घेतली, मगच त्या दिवशी त्यांना दुकानात बोलावलं. मी आपणहून 'बसा' म्हटलं असतं, तर बायकोने सोय लावली म्हणून हे मानापायी नको म्हणाले असते. मी नको म्हटलं, आता यांना बसायचंच आहे. तुम्ही या आणि मला यांच्यादेखत चांगलं रागवा. मी दोन दिवस ऐकणार नाही, तेवढं सांभाळून घ्या. सकाळी उठून यांना जायला कुठे नाही, हे मला बघवणार नाही.