आईची अँटेना उतरवायला येतील तेव्हा

चिमणे,

मी तुझ्या आत्याकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय.

आज सोसायटीचा सेक्रेटरी गच्चीवरची आईची अँटेना उतरवायला येतोय. म्हणे, "वापरणारीच गेली, आता ही काठी कशाला?" ती अंथरुणावर असताना टीव्हीत खरखर येते म्हणून बोंब मारून यानेच तिचा हॅम रेडिओ बंद पाडला. त्यावर रोज बोलणाऱ्या दोस्तांचा तिला निरोपही घेता आला नाही.

आईचा हिशोब तुला माहीत आहे. उभ्या अँटेनात बुडाशी व्होल्टेज कमी, टोकाशी दोन हजारांच्या वर. हात लागला की भाजलाच. सकाळी मी तिचा रेडिओ सेट अँटेनाला जोडला. तो शिडीवर चढून टोक धरेल तेव्हा मोर्सची की, म्हणजे संदेश पाठवायची कळ, दाबून अँटेनात वीज सोडायची, असं ठरवलं होतं.

दाबायची ती की आईचीच, तिच्या बोटांनी झिजलेली. तिथे माझा हात अडला. दया बिया काही आली नाही. सेटचा प्लग काढलाय, ती की खिशात घालून नेतोय. घरी थांबलो तर माझा भरवसा नाही.

तू त्याला दोन हजार व्होल्टचं नक्की सांग. सेट बंद आहे हे मात्र सांगू नकोस. चळचळा कापत उतरवू दे मेल्याला.

बाबा