गाडी चालवताना मोठ्याने बोलावं

१९ फेब्रुवारी, बुधवार दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. आम्ही दोघंही बरे आहोत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पाकीट बघून तुम्ही घाबरायला नको. परवाच तर फोनवर बोललो आणि आज हिने पत्र काय म्हणून टाकलं, असं तुम्हाला वाटणारच. पण फोनवर काही महत्त्वाचं सांगायला लागले की मला रडू फुटतं, आणि रडू फुटलं की तुम्ही घाईघाईने विषय बदलून टायरमधली हवा विचारता. हवा ठीक आहे. आता बसून वाचा.

गाडी छान चालली आहे. मागच्या बंपरवर ओरखडा आहे, पण तो मी नाही, शेजारच्या दंतवैद्यांनी पाडला आणि कबूलही केला. शिवणाची कामं परत घ्यायला लागले आहे. दुपारी हे झोपले की मशीनवर बसते. यांचा उजवा पाय आता आधाराने जिना चढतो. हात अजून रुसलेलाच आहे. बोलण्याचं पुढे लिहिते.

एक दिवसाआड यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यावं लागतं. त्यांचा दवाखाना पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे तो मोठा रस्ता आलाच, दोन्ही बाजूंनी ट्रक, बस आणि सगळ्यांना आपल्या आधी पोचायची घाई. पहिल्यांदा त्या रस्त्याला लागले तेव्हा मी मधली लेन धरली ती सोडलीच नाही. उतरायचं वळण गेलं, पुढचं गेलं, आणि आम्ही गावाबाहेर सिमेंटच्या गोदामापाशी पोचलो. तेव्हा मनात म्हटलं, वन्सं असत्या तर काय म्हणाल्या असत्या? "वळण चुकलं तर चुकलं. पुढे जा, फिरून या. चुकलेल्या वळणासाठी कधी आडवं घुसायचं नाही." तशीच फिरून आले. उशीर झाला म्हणून बाई रागावल्या, एवढंच.

तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या खटारा गाडीत तुम्ही मला काय काय मोठ्याने म्हणायला लावायचात! "आतला आरसा बघितला. बाहेरचा बघितला. इंडिकेटर दिला. मान वळवून बघितलं. जागा आहे. जाते." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सिग्नलला शेजारचे लोक बघायचे, बाई वेडी आहे की काय म्हणून. मी हळू पुटपुटले की तुम्ही म्हणायचात, "वहिनी, मला ऐकू आलं नाही. म्हणजे तुम्ही बघितलंच नाही." आणि दुसऱ्या लेनमध्ये शिरताना ब्रेक दाबला की तुमची जीभ चालायचीच: त्या लेनच्या वेगाने जा, तिथे जाऊन अडून बसू नका, आणि एका वेळी एकच लेन.

तेव्हा तुम्हाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. आज त्याच तोंडाने सांगते, तुम्ही शिकवलं नसतं तर हा माणूस घरात खुर्चीवर बसून संपला असता. आणि तेही तुम्ही त्याच्याशी भांडून शिकवलंत. "तुझ्या शाळेतल्या बायकांना शिकव, माझ्या बायकोला गाडीची गरज नाही, मी आहे ना," असं हे पाहुण्यांसमोर ओरडले होते. तुम्ही कपबशी खाली ठेवून निघून गेलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी कोपऱ्यावर गाडी घेऊन उभ्या राहिलात. भावाशी अबोला धरलात, पण माझा एकही धडा चुकवला नाहीत. वन्सं, हे उपकार मी कसे फेडू?

मग यांना अर्धांगाचा झटका आला. तुम्ही हॉस्पिटलात आलात, पलंगाशी बसलात, आणि यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "अजून राग गेला नाही त्याचा. मी समोर नसलेलीच बरी." तेव्हापासून तुमचा फोन येतो, तुम्ही येत नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. गेल्या गुरुवारी आमचा अपघात होता होता राहिला. कोणालाही काही झालेलं नाही, परत वाचा, कोणालाही नाही.

त्या दिवशी बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. बाई प्रेमळ आहेत, पण खोटी आशा दाखवत नाहीत. म्हणाल्या, इतके महिने झाले, एक शब्दही फुटलेला नाही. आता खुणांवर आणि चित्रांवर भर देऊ, तुम्हीही मनाची तयारी ठेवा. मी मान डोलावली. बाहेर आले, यांना गाडीत बसवलं, पट्टा लावला, यांच्याकडे बघून हसले सुद्धा. आणि निघाले. एरवी मी रस्ताभर तुमची उजळणी म्हणत जाते. यांना ऐकून ऐकून पाठ झाली असणार. त्या दिवशी तोंडातून अक्षर निघेना. मला एवढंच दिसत होतं की यापुढे घरात आपलाच आवाज.

पुलाच्या अलीकडे आपल्याला डावीकडच्या लेनमध्ये यावं लागतं. मी आरसा बघितला, रिकामा होता. इंडिकेटर दिला. मान वळवली नाही. स्टिअरिंग फिरवायला लागले.

आणि शेजारून आवाज आला, "अक्का, थांब!"

वन्सं, मी हात होते तिथेच आवळले. गाडी आपल्या लेनमध्ये राहिली. आमच्या डाव्या दाराला अगदी चिकटून एक मोटरसायकल पुढे गेली. चालवणारा माणूस, मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आरशात ती माणसं नव्हती हो, मान वळवली असती तर दिसली असती.

वळण गेलं ते जाऊ दिलं. पुढे पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. हे चांगल्या हाताने माझी पाठ थोपटत होते आणि स्वतःही रडत होते. पंपावरच्या माणसाने काही न विचारता पाणी आणून दिलं.

आता खरं सांगू? रडून झाल्यावर मला थोडा रागही आला. इतके महिने मी या माणसाचं तोंड पुसते, बटणं लावते, जेवण भरवते, आणि पहिला शब्द फुटला तो काय, तर अक्का, म्हणजे तुम्ही! घरी येईपर्यंत मी गाल फुगवूनच होते. मग रात्रीच्या भांड्यांपाशी एकदम आठवलं. लहानपणी शाळेत जाताना तुम्ही पुढे पळायचात आणि हे मागून दप्तर सावरत "अक्का, थांब" म्हणत रडत यायचे, हे तुम्हीच मला हसून सांगितलं होतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, जीव घाबरला की अगदी तळाचे शब्द आधी वर येतात. म्हणजे तळाशी तुम्ही आहात. मला जागा मिळेल त्याच्यावर कुठेतरी.

मग मी धीर करून यांना विचारलं, हॉस्पिटलात अक्कांवर रागावला होतात? यांनी जोरजोरात मान हलवली, नाही. मग तोंड का फिरवलं? हे नुसत्या मानेने कसं सांगणार? मी विचारलं, तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं, म्हणून अक्कांसमोर लाज वाटली? तेव्हा डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं आणि हो म्हणाले, मानेनेच.

एवढंच होतं, वन्सं. राग नव्हताच. ही गोष्ट मी तेव्हाच विचारायला हवी होती, पण तुम्ही दोघं एका आईची लेकरं, दोघांचंही तोंड बंद, मी तरी कुठे कुठे डोकं घालणार?

गुरुवारनंतर शब्द यायला लागले आहेत. थोडे आहेत आणि अडखळत येतात. पाणी. नको. काल माझं नावही आलं, अर्धं, पण आलं. बाईंनी चित्रं परत कपाटात ठेवली. मला म्हणाल्या, गाडीत तुमची ती उजळणी चालू ठेवा, मधला एखादा शब्द गाळा आणि यांना भरू द्या. आता मी म्हणते, "इंडिकेटर दिला, मान..." आणि हे म्हणतात, "वळव." हुकूम सोडल्यासारखं म्हणतात. तुमच्याच घराण्यातले शोभतात.

हे सगळं मी यांना वाचून दाखवलं. आणखी काय लिहू म्हणून विचारलं. यांनी ओठ हलवले, थांबले, परत हलवले. चहा निवून गेला. मग म्हणाले, "अक्का, ये."

तेवढं लिहायला सांगितलं आहे, म्हणून लिहिते.

तुमची शिष्या, आणि तुमच्या भावाकडे सध्या दुसऱ्या नंबरवर असलेली,

वहिनी