मार्शल आडवा आला

६ जानेवारी २००८, रविवार. पहाटे.
आजपासून नवं आयुष्य. पुतण्या हर्षवर्धन कॅनडाला जाताना रोड बाइक ठेवून गेलाय. पेडल क्लिपलेस. नाव तसं, पण बूट खटकन अडकतो. सुटायचं तर टाच बाहेर फिरवायची, बस. बायकोचं, विनिताचं मत, आधी मैदानात शिका. तिला म्हटलं, मी इंजिनियर आहे.

त्याच दिवशी, दुपारी.
विरार ते आगाशी झकास. भुईगावच्या गल्लीत चर्चमधली रविवारची मिस्सा सुटून माणसं येत होती, म्हणून थांबलो. टाच फिरवायची हे आठवलं, कुठल्या बाजूला ते नाही. हळूहळू, सगळ्यांच्या देखत, ओळखीच्या फर्डिनंड अंकलच्या वाडीच्या कुंपणात आडवा झालो. लोक धावले, काय झालं, काय झालं? तोंडातून निघून गेलं, कुत्रा आडवा आला.
कुत्रा म्हणजे अंकलचा मार्शल. फाटकापाशी झोपला होता. मी पडल्यावरही उठला नाही.
अंकलच्या मिसेसनी, सालोमी आंटींनी, कोपराला हळद लावली, चहा दिला. अंकलनी मार्शलच्या पेकाटात लाथ घातली. तो केकाटला तेव्हा मी चहात बघत होतो.

७ जानेवारी, सोमवार.
ऑफिसात सांगितलं, कुत्रा. विनितालाही तेच. आता मलासुद्धा तो धावत येताना दिसायला लागलाय. पण मनाला लागलंय. रविवारी जाऊन खरं सांगणार. नक्की.

१३ जानेवारी, रविवार.
गेलो. मार्शल फणसाला साखळीने बांधलेला. मला बघून शेपूट हलवली. त्यापेक्षा चावला असता तर बरं वाटलं असतं.
सांगणारच होतो, तेवढ्यात आंटींनी सुकेळी आणून दिली. राजेळी केळी, घरी वाळवलेली. आमच्यामुळे तुम्हाला लागलं, म्हणाल्या. अशा वेळी खरं बोलणं म्हणजे त्यांचा अपमान. घेतली.
फाटकाचा खांब धरून थांबलो होतो. पडलो नाही. प्रगती आहे.

१६ जानेवारी, बुधवार.
सुकेळी संपली. अपराध्यासारखं वाटत होतं, पण चव उत्तम. नवा बेत: तिळगूळ घेऊन जायचं, गोड बोलायचं आणि त्यातच खरंही बोलून टाकायचं.

१९ जानेवारी, शनिवार.
तिळगुळाचा डबा मीच संपवला.

२० जानेवारी, रविवार.
मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने गेलो. आधी तंत्र पक्कं हवं, मग माफी. दोनदा पडलो. कोणी बघितलं नाही, म्हणजे धरायचं नाही.

२४ जानेवारी, गुरुवार.
फर्डिनंड अंकल स्वतः घरी आले. कोपर कसं आहे विचारायला. पुन्हा सुकेळी. म्हणाले, मार्शलला वटार गावात एकाच्या पोल्ट्रीवर देऊन टाकतोय, रविवारी टेम्पो येईल. म्हातारा झालाय, करमणार नाही त्याला, पण माणसाला पाडणारा कुत्रा दारात नको. हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. विनिता म्हणाली, बरोबरच आहे. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.
सोडायला स्टॉपपर्यंत गेलो. तिथे सांगणार होतो, पण बस लगेच आली. एरवी कधी वेळेवर येत नाही. तिचाही दोष आहेच.

२७ जानेवारी, रविवार. पहाटे.
आज काही झालं तरी सांगायचं. वाक्यं पाठ केली आहेत. विनिता म्हणते, रिक्षाने जा. नाही. माफी मागायला माणसाने ताठ मानेने जावं. सायकलनेच. आता टाच आपोआप फिरते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
पोचलो तेव्हा मिस्सा सुटलेली. गल्ली भरलेली, टेम्पो दारात. अंकल-आंटी फाटकात. मार्शल फणसाला बांधलेला. मी थांबलो, म्हटलं, "अंकल, त्या दिवशी..." आणि गेलो आडवा. तेच कुंपण, तेच कोपर.
या वेळी कोणी धावलं नाही. अंकलनी माझ्याकडे बघितलं, मग फणसाकडे, मग परत माझ्याकडे.
"साहेब," ते म्हणाले, "कुत्रा तर बांधलाय."
पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. नुसती होकारार्थी मान हलवली, तीही कुंपणात अडकत होती. आंटी आत निघून गेल्या. अंकलनी टेम्पोवाल्याला जायला सांगितलं. मी पाय अडकून तसाच पडलेलो.
त्यांनी आधी मार्शलला सोडलं. मग मला सोडवायला आले.